हाताचा फोटो

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याचा व्यवहार यंदा मार्चमध्ये पुरा झाला. बडोद्याच्या मराठी घरांना ही गोष्ट नवी नाही. प्रत्येकाच्या ओळखीत एखादा तरी वाडा पाडून त्या जागी सात मजले झालेले आहेत. आमचे वाटेकरी सहा. त्यांतले दोघं पुण्यात, एक न्यू जर्सीत. वाड्यात राहणारं कोणीच उरलं नव्हतं, तेव्हा रडारड न होता सह्या झाल्या. बिल्डरनं जूनपर्यंत मुदत दिली. करारात एक कलम होतं की दारं-खिडक्या आणि खांब, म्हणजे जुनं सागवान, त्याचं. तेव्हा कोणीच त्या कलमाकडे नीट पाहिलं नाही.

सामान काढायला आम्ही एका रविवारी जमलो. माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात पितळी पानपुडा, कोणाची तरी मुंज झाली तेव्हाची सोवळ्याची लंगोटी आणि फोटो. मोजले तेव्हा दोनशे बारा भरले. नऊवारीतल्या बायका, पागोट्यातले पुरुष, कमाटी बागेत बसलेली मुलं, सुरसागरच्या कठड्यावर रेललेले दोन तरुण. फोटो उलटून पाहिले तर मागे कोरं. एकाच फोटोमागे शाईनं ‘डाकोर’ एवढं लिहिलेलं. कोण गेलं होतं डाकोरला, कधी, काही नाही.

माझी लेक डिझाइन शिकते. ती म्हणाली, “आई, यातली निम्मी माणसं तुमच्यापैकी कोणालाच ओळखता येत नाहीत?”

“मोठ्या आत्याला येतील,” माझा भाऊ म्हणाला.

“मग ती आहे तोवर विचारा. ज्योती भट्टांच्या फोटोंना बघ, गाव आणि साल असतं. ते नसतं तर त्या फोटोंतून आम्हाला काय कळलं असतं?”

मी गप्प बसले. ज्योती भट्ट हे नाव मला ठाऊक होतं. बडोद्यात वाढलेल्या माणसाला असतंच. पण ते चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणून. त्यांचे फोटो मी धडपणे पाहिलेच नव्हते. त्या रात्री लेकीनं लॅपटॉप उघडून दिला, आणि मी दोन वाजेपर्यंत बसले.

बडोद्याचे भट्ट

आपल्यातल्या तरुण वाचकांसाठी थोडं सांगते. नावावरून घोटाळा होतो, पण ज्योती भट्ट म्हणजे ज्योतींद्र मानशंकर भट्ट. जन्म १९३४चा, भावनगरचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स १९५० साली सुरू झाली आणि तिच्या अगदी पहिल्या काही विद्यार्थ्यांत ते होते. त्यांना शिकवणारे कोण? नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन. यातले बेंद्रे हे इंदूरचे. इंदूरच्या वाचकांनी हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावं, कारण बडोद्याची चित्रकला ज्या पायावर उभी राहिली त्यातला एक मोठा दगड इंदूरहून आलेला आहे.

पुढे भट्ट इटलीत नेपल्सला शिकले आणि १९६४ ते १९६६ न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे त्यांनी मुद्राचित्रणाचं तंत्र आत्मसात केलं. परत येऊन त्याच फॅकल्टीत निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. त्यांच्या पत्नी ज्योत्स्ना भट्ट याही नावाजलेल्या, मातीत काम करणाऱ्या कलावंत होत्या.

कॅमेऱ्याचं वळण आलं १९६७ साली. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाच्या एका परिसंवादासाठी गुजरातेतल्या लोककलेचे फोटो काढायचं काम त्यांनी घेतलं. काम एवढ्यापुरतंच होतं. पण गावागावांत हिंडताना त्यांच्या लक्षात आलं की आपण पाहतोय ते टिकणारं नाही. मातीची भिंत पडते, सिमेंटची उभी राहते. सिमेंटला शेण-मातीचा हात लागत नाही, मग त्यावर चित्रही येत नाही. घरात बाजारातली भांडी आली की कोठीवरची नक्षी जाते. मग ते थांबलेच नाहीत. पुढची तीसेक वर्षं सुट्टी लागली की ते बाहेर पडत. सौराष्ट्र, कच्छ, राजस्थान, मध्य प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा. शिल्पकार राघव कनेरिया हे त्यांचे मित्रही असेच कॅमेरा घेऊन हिंडणारे. हे सगळं नोकरी सांभाळून.

राजस्थानातला मांडणा, सौराष्ट्रातलं मणीकाम, दारावरची तोरणं, अंगणातली रांगोळी, बायकांच्या हातापायांवरचं गोंदण. गुजरातीत त्याला त्राजवां म्हणतात. हे गोंदण तर पुढे त्यांच्या मुद्राचित्रांतच उतरलं. मोर, पोपट, कमळ, आणि कडेकडेनं गुजराती अक्षरं. त्यांची मुद्राचित्रं मी पूर्वी पाहिली होती, पण ती अक्षरं आणि ते मोर कुठून आले हे मला त्या रात्री कळलं.

२०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हनं बडोद्याच्या चार कलावंतांचे संग्रह संगणकावर आणले, त्यात भट्टांचा आहे. म्हणजे आज तुम्ही हैदराबादेत असा की पणजीत, घरबसल्या पाहू शकता.

पण मला खिळवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. भट्टांच्या पुष्कळ फोटोंत नुसती भिंत नसते. भिंतीपाशी ती काढणारी बाई असते. शेजारी बाज, घागर, एखादी शेळी, दारातून डोकावणारं पोर. नुसती नक्षी हवी असती तर या सगळ्यांना बाजूला सारून फोटो काढता आला असता. पुस्तकात तसाच छान दिसतो. पण बाई शेजारी उभी असली की एक गोष्ट दिसते. चित्र वर जिथे संपतं, तिथवर तिचा हात पोचतो. मोराची उंची त्या बाईच्या हातानं ठरलेली आहे. हे नुसत्या नक्षीच्या फोटोत कधीच कळलं नसतं.

तांबेकरांच्या भिंती

दुसऱ्या रविवारी लेक म्हणाली, भिंतीच पाहायच्या तर आधी आपल्या गल्लीतल्या पाहू. आमच्या वाड्यापासून चालत दहा मिनिटांवर तांबेकर वाडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर. आज ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. पन्नास वर्षं मी त्यावरून भाजी आणायला जात होते. आत किती वेळा गेले? शाळेच्या सहलीत एकदा.

लाकडी जिना चढून वर गेलं की भिंत आणि छत भरून चित्रं. कृष्णाच्या लीला, महाभारत, मराठे आणि इंग्रज यांची लढाई, गंजिफा खेळत बसावं तशी निवांत माणसं आणि मधूनच टोपीवाले साहेब. दारांच्या फळ्यांवरसुद्धा चित्रं. रंग कुठे उडालेत, कुठे ओल आली आहे, पण आहेत. लेक एका कोपऱ्यात उभी राहून बराच वेळ पाहत होती. “आई, ही कोणी काढली?” चितारी कोण होता, त्याचं नाव त्या भिंतीवर मला दिसलं नाही. दिवाणाचं नाव वाड्याला आहे.

परत आमच्या वाड्यात आलो. आमच्या भिंतींवर चित्रं कधीच नव्हती. देवळ्या होत्या, त्यांत दिव्याची काजळी होती, चुन्याचे पोपडे होते. लेक सगळीकडे फिरली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून तिनं हाक मारली.

दाराच्या चौकटीवर, आतल्या अंगाला, पेन्सिलीच्या आडव्या रेघा. दर दिवाळीला मुलांची उंची मोजायची आमच्या घरची पद्धत. मी स्वतः तिथे पाठ लावून, टाचा टेकवून उभी राहिलेली आहे. आजोबा डोक्यावर पट्टी ठेवायचे आणि रेघ मारायचे. प्रत्येक रेघेपाशी टोपणनाव आणि साल. बेबी, बाळ, छकुली. सगळ्यांत खालच्या थरात, अगदी पुसट, ‘१९४६’ आणि मोठ्या आत्याचं टोपणनाव. नव्वदीला टेकलेल्या आत्याची नऊ वर्षांची उंची.

दोनशे बारा फोटोंच्या मागे जे कोणी लिहिलं नव्हतं, ते आमच्या घरानं एका चौकटीवर लिहून ठेवलं होतं. आणि चौकट सागवानी होती.

भावानं लगेच बिल्डरला फोन लावला. तो माणूस वाईट नव्हता. पण लाकडाचा सौदा त्यानं आधीच पुढे केलेला होता, आणि आमच्या सह्या झालेल्या होत्या.

शनिवारचा हाट

छोटा उदेपूरला जायचं लेकीच्या डोक्यात होतंच. कॉलेजला काहीतरी करून द्यायचं होतं, आणि राठवांचा पिठोरा तिला भिंतीवर पाहायचा होता. गॅलरीत कॅनव्हासवर नव्हे. तिकडच्या एका शाळेत शिकवणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे. ते म्हणाले, शनिवारी या, हाट असतो.

होळी होऊन गेली होती. बडोद्याहून सकाळी सहाला निघालो. डभोईला हिरा भागोळ पाहिली. कोरीव वेस इतकी सुंदर, आणि तिच्याखालून रिक्षा आणि उसाच्या रसाच्या गाड्या चाललेल्या. हेच ते डभोई, जिथून १८६२ साली मियागामपर्यंत गायकवाडांची छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. सुरुवातीला ती बैल ओढत. पुढे संखेड्याचा फाटा लागतो. लाखेच्या रंगाचे तिथले पाळणे आणि झोपाळे आपल्या जुन्या घरांतून असायचे. बोडेली मागे पडली की ओरसंग नदी सोबतीला येते. मार्चअखेर तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. आणि दोन्ही बाजूंना महुडा, म्हणजे आपला मोह. पहाटे पडलेली फुलं वेचायला बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेली. गाडीची काच खाली केली की तो जड, गोडसर वास.

वाटेत तेजगढला थांबलो. बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी, मूळचे भोरचे, त्यांनी पुढे भाषा संशोधन केंद्र काढलं आणि तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. तिथल्या संग्रहालयाचं नाव ‘वाचा’. मागे कोराज डोंगर आहे आणि त्याच्या कातळावर जुनी चित्रं आहेत. लेक म्हणाली, म्हणजे इथली माणसं भिंत नव्हती तेव्हापासून काढतायत.

हाटात दुपारपर्यंत फिरलो. मडकी, वाळलेली मिरची, चांदीचे कडे, तीरकामठ्यांच्या शेजारी मोबाइलची कव्हरं. मग शिक्षक आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका घरी घेऊन गेले. गावाचं नाव मी इथे देत नाही, घरच्यांनी तशी परवानगी दिलेली नाही.

घर सिमेंटचं, वर पत्रा. ओसरीत शिरलं की समोरची भिंत पूर्ण भरलेली. घोडेच घोडे. लाल, पिवळे, निळे, ओळीनं चाललेले. देवांची वरात आहे ती, पिठोरा देवाच्या लग्नाची. खाली शेतकरी, ताडी काढणारा, विहीर, वाघ. आणि एका कोपऱ्यात मोटार आणि आगगाडी. मी हरखून गेले आणि फोन वर केला.

“आधी पाणी प्या,” घरातले आजोबा म्हणाले. त्यांच्या गुजरातीत ना राग होता ना हसू. “मग बघा. मग फोटो.”

मला माझीच लाज वाटली. कोणाच्या देवघरात शिरून आपण नमस्काराआधी फोन काढू का? पिठोरा म्हणजे शोभेचं चित्र नाही. घरात दुखणं येतं, जनावर मरतं, पाऊस रुसतो, तेव्हा नवस बोलतात आणि तो फिटला की पिठोरा होतो. कुमारिका भिंत सारवतात, वर पांढरी माती देतात. रंगात दूध आणि मोहाची दारू घालतात. काढणारे पुरुष, त्यांना लखारा म्हणतात. आणि ते चित्र काढत नाहीत, ‘लिहितात’. पिठोरो लखवो. रात्रभर गाणं-वाजवणं चालतं, आणि शेवटी बडवा येऊन लिहिलेलं सगळं बरोबर आहे की नाही ते वाचून पाहतो. आपल्या डहाणूकडच्या वारल्यांमध्येही सुवासिनी लग्नाचा चौक लिहितातच. तिथल्या त्या भिंतीवरची चित्रं जगापुढे आणायला भास्कर कुलकर्णी नावाचा एक मराठी चित्रकार कारण झाला, हे मी लेकीला येताना सांगितलंच होतं.

पाणी प्यायलो. चहा झाला. मग आजोबांनी सांगितलं ते असं. हे घर अकरा वर्षांपूर्वी बांधलं. त्याआधीचं मातीचं होतं, त्यावर त्यांच्या वडिलांच्या नवसाचा पिठोरा होता. घर पडायला झालं, पाडलं. नव्या भिंतीवर पुन्हा लिहवून घेतला. माती नाही, म्हणून दुकानातला पांढरा रंग दिला. घोडे तेवढेच, पण वडिलांच्या वेळच्या लखाराचा हात वेगळा होता.

“जुन्या भिंतीचा फोटो आहे?” लेकीनं विचारलं.

“शहरातून पुष्कळ येऊन गेले. कोणाकडे तरी असेल. आमच्याकडे नाही.”

ओसरीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. ज्या संग्रहाचं मला गेले पंधरा दिवस एवढं कौतुक वाटत होतं, त्याची दुसरी बाजू समोर बसली होती. फोटो काढणारा चांगल्या हेतूनं येतो. जे जाणार आहे ते तो सांभाळून ठेवतो. पण सांभाळतो कुठे? शहरात. ज्याची भिंत, त्याच्या घरी तो कागद पोचतोच असं नाही.

लेकीनं फोनवर भट्टांचे काही फोटो साठवून आणले होते. तिनं ते आजोबांना दाखवले. त्यांनी फोन हातभर लांब धरला. राजस्थानातल्या एका मांडण्याशी थांबले. “हे आमच्यातलं नाही. यांच्यात बायका काढतात ना?” आजीलाही बोलावलं. दोघं मिळून पाहत राहिली. घोड्यांत, मोरांत त्यांना फारसा रस दिसला नाही. ती त्या बाईला पाहत होती, तिच्या कड्यांना, तिच्या मागच्या दाराला. मग आजी म्हणाली, “हिचं घर आता पक्कं झालं असेल.”

मी त्या फोटोकडे इतके दिवस पाहत होते, पण हे मला सुचलं नव्हतं. मला तो एक संपलेला काळ वाटत होता. आजीला ती एक बाई दिसली, जिचं पुढे काहीतरी झालं असणार.

मग फोटो काढले. आजोबा-आजी भिंतीपुढे उभी राहिली, नातवंडं आली, एक कोंबडी आपली आपण आली. लेकीनं वहीत सगळ्यांची नावं लिहून घेतली, लखाराचंसुद्धा. तो शेजारच्याच गावचा. तारीख लिहिली. आजोबा म्हणाले, “दोन प्रती पाठवा. एक आमची, एक त्याची.” बडोद्याला आल्यावर चार दिवसांत प्रती छापून शिक्षकांकडे पाठवल्या. पोचल्याचा फोन आला तेव्हा मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

हाताचा फोटो

मोठी आत्या कारेलीबागेत मुलाकडे असते. ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख. ट्रंक तिच्यापुढे ठेवली. चार शनिवार आम्ही बसलो. ती फोटो हातात घ्यायची, चष्मा पुसायची आणि सुरू व्हायची. “ही आमची काकी. हिचं माहेर ग्वाल्हेरचं. हा तिचा भाऊ, कलाभवनात शिकायला होता.” कलाभवन म्हटल्यावर मी लेकीला मधेच सांगितलं की दादासाहेब फाळकेसुद्धा बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला होता. आत्या म्हणाली, “तुझे फाळके राहू देत. हा आधी लिही, नाहीतर विसरेन.”

दोनशे बारांपैकी एकशे त्रेसष्ट फोटोंना नावं मिळाली. आम्ही मागे मऊ पेन्सिलीनं लिहिली. बॉलपेन वापरू नका, कागद दबतो आणि शाई पुढच्या बाजूला उमटते.

त्या बसण्या-बोलण्यात मला आत्याचा हात दिसला. उजव्या मनगटाच्या वर, आतल्या अंगाला, हिरवट पडलेलं तुळशीवृंदावन आणि त्याखाली पाच ठिपके. इतकी वर्षं दिसत होतं, पण भट्टांचे गोंदणाचे फोटो पाहून आल्यावर मी ते पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, “आत्या, हाताचा एक फोटो काढू?”

“हाताचा कशाला? तोंडाचा काढ.”

“गोंदण छान आहे गं.”

तिनं बाही खाली ओढली. मग हळूहळू बाहेर आलं. सहा-सात वर्षांची असताना दारावर गोंदणारीण आली होती. आजीनं बसवलं. रडून रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा गुळाचा खडा मिळाला. पुढे आत्या मॅट्रिक झाली, शाळेत नोकरी लागली. तिथल्या बायका म्हणायच्या, अगं, हे काय खेडवळासारखं? तेव्हापासून तिनं लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवायला सुरुवात केली. उन्हाळ्यातसुद्धा. आम्हा सगळ्या भाचरांना वाटायचं, आत्याला थंडी फार वाजते. साठ वर्षं!

मी फोटोचा विषय सोडून दिला. पाणी आधी प्यायचं असतं, एवढं शिकून आले होते.

मेअखेर आत्याला शेवटचं वाड्यात नेलं. जिना तिला झेपणार नव्हता, खुर्चीत बसवून दोघा भाच्यांनी खालच्या चौकातून स्वयंपाकघरापर्यंत आणली. वाडा रिकामा होता. देवळ्यांतून चिमण्यांच्या काड्या पडल्या होत्या. तिनं आजीचा ओटा कुठे होता, पाण्याचा हंडा कुठे असायचा, ते सगळं लेकीला दाखवलं. मग चौकटीकडे नेलं आणि मी रेघेवर बोट ठेवलं. १९४६.

आत्या बराच वेळ वाचत होती. मग आमच्या आधारानं उठून उभी राहिली. आता वाकली आहे ती. तरी रेघ तिच्या छातीपाशी आली. “एवढीशी होते का गं मी?” म्हणाली. तोल सांभाळायला तिनं उजवा हात चौकटीवर टेकला. बाही कोपरापर्यंत सरकली. तिनं ती पाहिली, मी पाहिली.

“घे आता काय घ्यायचा तो,” ती म्हणाली. “नाव नीट लिही. माहेरचंही लिही.”

लेकीनं फोटो काढला. त्यात आत्या आहे, चौकट आहे, रेघा आहेत, मागे काळवंडलेली चूल आहे आणि हात आहे.

वाडा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाडला. चौकट कुठल्या तरी फार्महाउसच्या दाराला लागली असेल. कदाचित रंधा मारून रेघा गेल्याही असतील. एकोणपन्नास फोटो अजून निनावी आहेत. त्यात एक बाई आहे, मांडीवर मूल घेतलेली, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी. आत्यालाही ती ओळखता आली नाही. आम्ही मागे एवढंच लिहिलं आहे: ‘आपल्याच घरातली. नाव शोधायचं आहे.’

तुमच्याकडे इंदुरात, बेळगावात, ग्वाल्हेरला अशीच एखादी ट्रंक असेल, आणि तिच्याशेजारी अजून एखादी आत्या किंवा मावशी असेल. या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसा. जाताना मऊ पेन्सिल न्या. आणि फोटो काढलात, तर त्याची एक प्रत तिला द्या.